सासूबाईंना फसवण्याची कामगिरी

माझ्या कादंबरीतले ठक फार सभ्य होते. चौघांची टोळी, चौघेही संगणकात निष्णात, आणि तरी पहिली तीन प्रकरणे संपली तेव्हा त्यांच्या हातून एकही गुन्हा घडलेला नव्हता. एकजण खिडकीशी उभा राहून तारेवर वाळणाऱ्या चादरीतला वारा पाहत होता. दुसरीला सावजाच्या आवाजात एकटेपणा ऐकू आला होता आणि तिचाच गळा दाटला होता. आयुष्यभर कविता शिकवलेल्या बाईने लबाडांची कादंबरी लिहायला घेतली की असे होते. विद्यापीठातून निवृत्त झाल्यावर मला काहीतरी धावते लिहायचे होते. ज्यात माणसे जिने उतरतात, दारे ढकलतात, पळतात. माझी माणसे मात्र दारापाशी येऊन लाकडाचा वास घेत थांबत.

या टोळीची पहिली आणि एकमेव श्रोती म्हणजे माझ्या सासूबाई. बडोद्याच्या रावपुऱ्यात, रस्त्याकडे तोंड केलेल्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर आम्ही तिघे राहतो: सासूबाई, त्यांचा मुलगा आणि मी. दुपारी खालची रिक्षा-स्कुटरांची कलकल जरा विरळ झाली की मी लिहिलेले त्यांना वाचून दाखवी. त्या डोळे मिटून ऐकत, आणि पान संपले की एकच डोळा उघडत.

"चोरी कधी आहे?"

"होईल, आई. वातावरण तयार होतंय."

"चोराला वातावरण लागत नाही गं. कुलूप लागतं."

सासूबाईंच्या हातात तेव्हाही त्यांचा फोन असे. त्या फोनविषयी आधी सांगायला हवे, कारण पुढचे सगळे त्याच्यापायी घडले. त्यांचे गुडघे संपावर गेले त्याला काही वर्षे झाली. इमारतीला लिफ्ट नाही. देवळातले गुरुवारचे भजनी मंडळ त्यांच्यावाचून थोडे दिवस रेटले गेले आणि मग, कोणालाच पदांच्या चाली नीट आठवेनात म्हणून, बंद पडले. त्या चाली सासूबाईंच्या गळ्यात होत्या आणि गळा तिसऱ्या मजल्यावर अडकून पडला होता. तेव्हा त्यांनी स्मार्टफोन शिकायला घेतला, जिद्दीने, एखादा अवघड राग बसवावा तसा. आता दर गुरुवारी दुपारी आमच्या जेवणाच्या टेबलावर साखरेच्या डब्याला टेकून तो फोन उभा राहतो. त्यातला तानपुरा लागतो, त्याचा मधाळ, दाट नाद भांड्यांच्या कडांना हलकेच शिवतो, आणि पडद्यावर एकेक चौकोन उजळत जातो. कोणी मांजलपूरहून, कोणी लेकीकडे अहमदाबादला गेलेली, एकजण तर नातवंडे सांभाळायला थेट दुबईला. सगळ्या एकदम गायल्या तर आवाज एकमेकांच्या पायांत येऊन पडतात; म्हणून सासूबाईंचा कायदा असा की एकीने म्हणायचे, बाकीच्यांनी आपापला आवाज बंद ठेवून ओठ हलवायचे. शिस्त मोडणारीला त्या स्वतःच मुकी करतात. "माझे पाय उंबऱ्यापर्यंत," त्या म्हणतात, "पण गळा दुबईपर्यंत जातो."

गणपती बसायच्या थोडे आधी आमच्या इमारतीत एक वाईट गोष्ट झाली. पहिल्या मजल्यावरच्या एका निवृत्त गृहस्थांना कोणीतरी पोलीस बनून फोन केला, तुमच्या नावाचे पार्सल पकडले आहे म्हणून धमकावले, आणि त्या सद्गृहस्थांना त्यांच्याच घरात, त्यांच्याच खुर्चीत, कॅमेऱ्यासमोर दिवसभर बसवून ठेवले. त्यात त्यांची बरीचशी पुंजी गेली. त्याहून वाईट म्हणजे त्यांचा आवाज गेला. जिन्यात भेटले की खाकरून "केम छो" म्हणणारे ते गृहस्थ आता भिंतीकडे बघत वर चढत.

सासूबाईंचा मुलगा, म्हणजे माझा नवरा, शहराबाहेरच्या एका रसायनांच्या कारखान्यात सुरक्षा अधिकारी आहे. धोका टाळणे हा त्याचा पोटापाण्याचा धंदा आणि घरचा छंदही. त्या रात्री जेवताना त्याने फर्मान काढले.

"आईचा फोन बदलायचा. साधा, बटणांचा घेऊ. येणारे कॉल घ्यायचे, करायचे, बस."

सासूबाईंनी भातावर तूप घेतले. तुपाची धार जराही हलली नाही. "आणि गुरुवारचं काय?"

"गुरुवारी बघू काहीतरी."

"काहीतरी म्हणजे काय बघणार? बटणं दाबून भजन करू?"

"आई, खालचे काका शिकलेले होते. तेही फसले. तू तर येईल ते उघडतेस."

"मी एकदा तरी फसले का?"

"फसशील."

"मग फसवून दाखव," सासूबाई म्हणाल्या. "घटस्थापनेपर्यंत. फसले तर फोन तुझ्या हातात ठेवीन. नाही फसले तर पुन्हा ही गोष्ट या ताटावर काढायची नाही."

नवरा हसला. त्याला हा सौदा फारच सोपा वाटला. "ठरलं. फसणाऱ्याच्या हाती फोन नको, एवढंच माझं म्हणणं आहे." मग तो माझ्याकडे वळला. "तू ठकांचीच कादंबरी लिहितेस ना? घे. कामाला लाग."

अशी मी ठक झाले. नवऱ्याच्या आज्ञेने आणि सासूच्या परवानगीने. एवढे रीतसर गुन्हेगारीत पाऊल टाकणे माझ्या पात्रांनाही जमले नव्हते. खरे सांगायचे तर मला हुरूप आला. कादंबरीला हवा होता तो अनुभव आयता घरात चालून आला होता, आणि सावज रोज माझ्या समोर बसून लसूण सोलत होते.

तंत्राची बाजू माझ्याने पेलणारी नव्हती. ती पेलली तळमजल्यावरच्या गुजराती शेजारणीने, आमच्या बेनने. त्या सयाजीगंजातल्या एका कॉलेजात संगणक शिकवतात, आणि त्यांच्या बैठकीच्या खोलीत वायरींची इतकी गर्दी असते की पाऊल ठेवताना वेलींच्या मांडवात शिरल्यासारखे वाटते. मी बेत सांगताच त्यांचे डोळे लकाकले. "भाभी, आ तो मजा आवी जशे," म्हणून त्यांनी चहाला आधण ठेवले. त्यांच्याकडे एक जादा सिमकार्ड होते. मजकूर मी लिहायचा, यंत्र त्यांनी चालवायचे, असे ठरले.

पहिला हल्ला बँकेच्या नावाने. नावही आम्ही मोघमच ठेवले, नुसते 'आपली बँक'. त्या चार ओळींवर मी एक अख्खी सकाळ घालवली. शेवटी जे जमले ते असे: मान्यवर खातेदार, आपली ओळख आमच्या दप्तरी अद्याप अपुरी आहे, उद्याच्या सूर्यास्तापूर्वी ती पूर्ण न केल्यास आपल्या खात्याची कवाडे मिटतील. खाली दाबायची निळी ओळ. बेनने पाठवले. मी वर येऊन निष्पाप चेहऱ्याने पोहे भिजवू लागले.

बाहेरच्या खोलीतून हाक आली. "सूनबाई, तुझी बँक आली आहे."

"माझी कशी, आई?"

"बँकेला सूर्यास्त कधीपासून दिसायला लागला? आणि कवाडं कोण मिटतं गं आता? ठकाला इतकं चांगलं लिहिता आलं असतं तर तो मेला ठक कशाला झाला असता?"

माझ्या लेखनाला इतकी थेट दाद क्वचित मिळाली आहे; ती अशा प्रसंगी मिळावी याचे वाईट वाटले.

दुसऱ्या वेळी आम्ही शब्दांवर विसंबायचे नाही असे ठरवले. बेनने नवऱ्याच्या जुन्या आवाजी निरोपांवरून, त्याला विचारूनच, त्याचा हुबेहूब आवाज यंत्रात तयार केला. आपण टाइप करायचे आणि यंत्राने त्याच्या गळ्यातून बोलायचे. मी तो आवाज प्रथम ऐकला तेव्हा अंगावर काटा आला. त्याची ती किंचित घोगरी सुरुवात, वाक्याच्या शेवटी खाली बसणारा सूर, सगळे होते. नव्हता फक्त श्वास. फुलदाणीतल्या कागदी फुलांसारखे ते शब्द होते, रंग पुरेपूर, वास नाही. पण फोनवर श्वास कोण ऐकतो, असे बेनचे म्हणणे.

दुपारी तळमजल्यावरून फोन लावला. मी बेनच्या खांद्यावरून वाकून ऐकत होते.

"आई, मी जरा अडचणीत आहे," यंत्र म्हणाले. "तुझ्या फोनवर एक आकडा येईल, तो मला सांग."

"सांगते की. जेवलास का?"

बेनची बोटे कळफलकावर थबकली. मी कुजबुजले, हो म्हणा.

"हो, आई."

"काय होतं डब्यात?"

तो डबा मीच भरला होता. मी भराभर सांगितले. बेनने, आपल्या गुजराती मायेने, वर एक वाक्य स्वतःचे घातले.

"भेंडी आणि आमटी. आमटी खूप छान झाली होती."

पलीकडे खुर्ची किरकिरली.

"हे बघ, बाळा," सासूबाईंचा आवाज आला, अगदी कोवळा. "तू जो कोण असशील तो. माझ्या मुलाची पन्नाशी उलटली, पण आमटीला चांगलं म्हटलेलं मी कधी ऐकलं नाही. तुझ्या आईने तुला वळण छान लावलंय. आता हे धंदे सोड आणि तिला फोन कर."

फोन बंद झाला. बेनने दोन्ही हात डोक्याला लावले. "भाभी, बा तो बहु पाका छे!" सासूबाईंना त्या 'बा' म्हणतात.

त्या संध्याकाळी नवऱ्याला हे कळले तेव्हा तो आमटीवरून दुखावला. "मी असं कधीच म्हटलं नाही?" त्याने विचारले. आम्ही दोघी आपापल्या ताटात पाहत राहिलो.

मग गणपती आले, आणि कट बाजूला पडला. मोदकांची उकड, गलगोट्यांचे, म्हणजे झेंडूचे, हार, आरतीच्या कापराचा तो थंड-तिखट वास. दहा दिवस पाहुणे येत-जात होते आणि सासूबाई खुर्चीत बसून सगळ्यांची कुळे-मुळे सांगत होत्या. आमच्या बडोद्यातल्या जुन्या मराठी घरांत हा एक स्वतंत्र व्यासंग आहे. अमुकची पणती तमुकच्या चुलतघरात दिलेली, तिचे आजोबा संस्थानात कारकून, त्यांचे घर दांडियाबाजारात. असे धागे त्या बसल्या जागी विणत जातात. त्या आठवड्यात मी त्यांना ऐकत होते, आणि मला एकदम दिसले की कुलूप कुठे आहे.

लग्नपत्रिका. घरात कोणाचीही लग्नपत्रिका आली तर सासूबाई आधी ती देवापुढे ठेवतात, हळदकुंकू वाहतात, आणि मग चष्मा पुसून पहिल्या श्रीपासून शेवटच्या निमंत्रकापर्यंत वाचतात. हल्ली पत्रिका फोनवर येतात. त्यांनी रीत सोडली नाही. त्या फोन देवापुढे ठेवतात, कुंकू मात्र पडद्याला न लावता शेजारच्या पाटाला लावतात. बँकेच्या नावाने आलेल्या निळ्या ओळीवर त्या बोट ठेवणार नाहीत. पण कोणाच्या घरचे लग्न आहे हे जाणून घेतल्याशिवाय त्यांना घोट उतरणार नाही.

आणि पत्रिका हा तर माझ्याच अंगणातला प्रकार! बँकेने लिहिले तर जे संशयास्पद, तेच पत्रिकेत शोभते. सूर्यास्त चालतो, कवाडे चालतात, सगळे चालते. विसर्जन होऊन तीन-चार दिवस झाले होते. सकाळी सासूबाईंनी सांगितलेली भाजी आणायला मी खंडेराव मार्केटात गेले. आळूच्या पानांची जुडी, गवार, लाल भोपळ्याची फोड, कारली. ओल्या पोत्यांचा, कोथिंबिरीचा आणि दबलेल्या जामफळांचा, म्हणजे पेरूंचा, वास. 'बेन, ताजां छे, ताजां छे' अशी लय धरलेली ओरड. त्या लयीवर माझ्या मनात पत्रिका आपोआप उमलत होती. घरी येईतो ती पाठ झाली होती. वधूचे आजोबा संस्थानच्या नोकरीत घातले, वराची आजी कीर्तनकारांच्या घराण्यातली केली. मुहूर्त गोरज, कारण त्या शब्दात मला नेहमी धूळ आणि घंटा एकदम ऐकू येतात. आणि तिथी पुढच्याच आठवड्यातली, म्हणजे सासूबाईंना सवड काढून विचार करायला वाव नको. खाली एक ओळ: निमंत्रकांच्या नावांसह संपूर्ण पत्रिका पाहण्यासाठी येथे दाबावे.

बेनने ती ओळ जोडलेले पान बनवले. दाबले की मोगऱ्याची कळी उमलणार आणि मधून अक्षरे येणार: फसलात! पान कोणी उघडले की बेनच्या संगणकावर घंटा वाजणार होती.

दुपारी पत्रिका पाठवून मी वर धावले आणि स्वयंपाकघराच्या पडद्याआड उभी राहिले. फोन किणकिणला. सासूबाईंनी चष्मा लावला. वाचले. पुन्हा वाचले. मग हळूहळू, खुर्चीच्या हातावर भार देत, त्या उठल्या, देवघराशी गेल्या, फोन देवापुढे ठेवला, पाटाला कुंकू लावले, हात जोडले. मग फोन उचलून त्यांनी पडद्यावर बोट टेकवले.

मी जिना कसा उतरले ते मला सांगता येणार नाही. बेनच्या दारात पोचते तो आतून घंटेचा आवाज. "उघड्युं! भाभी, उघड्युं!" बेन खुर्चीतच गोल फिरल्या. त्यांनी शेव-उसळ मागवून ठेवलीच होती. तिचा तो लालभडक तिखट रस्सा जिभेवर पडला, डोळ्यांत पाणी आले, आणि आम्ही दोघी दोन प्रौढ शिक्षिका शाळा चुकवलेल्या पोरींसारख्या हसत सुटलो.

हसता हसता मी थांबले. वरून, तीन मजल्यांच्या गॅलऱ्या ओलांडून, सासूबाईंच्या गुणगुणण्याचा आवाज खाली येत होता. एक चाल त्या पुन्हा पुन्हा घोळवत होत्या, गुरुवारसाठी. दर फेरीला एक नवी मुरकी. मला तो साखरेचा डबा दिसला आणि त्याला टेकलेले काहीच दिसले नाही.

"शुं थयुं?" बेनने विचारले.

"बेन, हे कोणाला सांगायचं नाही," मी म्हणाले. "यांना तर मुळीच नाही. घटस्थापना होऊ दे. पान पुसून टाका."

बेनने माझ्याकडे पाहिले, मग वर छताकडे. मग त्यांनी ते पान पुसले. ज्याने आम्हाला कामगिरीवर नेमले होते त्यालाच आम्ही दगा दिला. माझ्या कादंबरीतल्या टोळीपेक्षा आम्ही एका दुपारीत पुढे गेलो होतो.

वर आले तर सासूबाई गवार मोडत बसलेल्या. मी शेजारी बसून शेंगा उचलल्या. त्यांच्याकडे बघवेना. त्या मात्र अधूनमधून माझ्याकडे बघत होत्या.

"बरं नाही का तुला?"

"नाही, आई. तिखट खाल्लं जरा."

"त्याला फोन कर. येताना जामफळं आण म्हणावं."

मी फोन लावला. बंद होता. तासाभराने लावला, तरी बंद. हा माणूस फोन कधी बंद करत नाही. संकट कोणत्या क्षणी येईल याचा भरवसा नसतो असे तो म्हणतो.

तो आला नेहमीच्याच वेळी, पण जिन्यावरची पावले नेहमीची नव्हती. जेवायला बसल्यावर त्याने भाकरीचे चार तुकडे केले आणि एकही उचलला नाही.

"तुझा फोन लागत नव्हता," सासूबाई म्हणाल्या.

"बॅटरी संपली."

"मग लाव की आता चार्जिंगला."

"ऑफिसात राहिला."

"अगंबाई. आणि ते लग्न कोणाचं, बघितलंस का?"

नवऱ्याने मान वर केली. मीही केली. सासूबाई वांग्याची भाजी भाकरीवर घेत होत्या.

"कुठलं लग्न?" मी विचारले, आणि माझाच आवाज मला श्वास नसलेल्या त्या यंत्रासारखा वाटला.

"आज एक पत्रिका आली होती. मी त्याला पाठवली. म्हटलं, निमंत्रकांत तुझं नाव घातलंय असं दिसतं, उघडून बघ जरा."

खाली पाणीपुरीवाल्याचा पळा भांड्यावर आपटला.

"आई," नवरा सावकाश म्हणाला, "तू ते उघडलं नाहीस?"

"मी कशाला उघडू? माझं नाव थोडंच होतं त्यात?"

"पण मी पाहिलं!" माझ्या तोंडून गेले. "देवापुढे ठेवलात, कुंकू लावलंत, मग बोट..."

"बोटाने तुझ्या नवऱ्याला पाठवली. आणि देवापुढे ठेवली ती तुझ्यासाठी. पडद्याखालून तुझी पावलं दिसत होती गं. म्हटलं, बिचारी एवढी उभी आहे, सगळं नीट दिसू दे तिला."

नवऱ्याने दोन्ही हातांनी कपाळ धरले. हळूहळू त्याची कहाणी बाहेर आली. दुपारच्या बैठकीत त्याला आईचा निरोप आला. निमंत्रकांत आपले नाव आहे हे वाचून त्याने तिथेच दाबले. कळी उमलली, 'फसलात' आले, आणि घरचा सौदा आठवायच्या आधीच त्याला वाटले की आता कारखान्याची सगळी यंत्रणाच कोणाच्या तरी हाती गेली. त्याने स्वतःच लिहिलेल्या नियमानुसार ताबडतोब फोन बंद करून संगणक विभागाच्या हवाली केला. त्यांनी तो तपासायला कुलपात ठेवला. इतकेच नव्हे, तर उद्या कामगारांपुढे सावधगिरीवर त्याला बोलायचे होते, आणि उदाहरण कोणाचे द्यायचे ते साहेबांनी सुचवले होते.

"पण तुला कळलं कसं, खोटी आहे ते?" त्याने विचारले. "मला तर किती खरी वाटली."

मला हा प्रश्न विचारायचे धाडस झाले नसते. ती पत्रिका हा माझ्या मते माझा सर्वांत निर्दोष मजकूर होता.

सासूबाईंनी पाण्याचा घोट घेतला. "लिहिली होती सुरेखच. मुहूर्त वाचला आणि हसू आवरेना. तुळशीचं लग्न लागल्याशिवाय आपल्यात कोणी मांडव घालतं का? आणि ही बाई तर त्याहून पुढे गेली. पितृपक्षात! पितर जेवायला यायचे त्या पंधरवड्यात वऱ्हाड!" त्या माझ्याकडे वळल्या. "आणि भाजी कसली आणलीस सकाळी? तुझ्या सासऱ्यांच्या पक्षासाठी मीच सांगितलेली ना? आळू, गवार, भोपळा. त्याच पिशवीतून लग्न घेऊन आलीस."

कारल्याची पिशवी हातात धरून मी गोरज या शब्दाच्या घंटा ऐकत आले होते आणि पंचांगाकडे माझे लक्षच गेले नव्हते. बडोद्यातल्या कोणत्याही अट्टल चोराने ती एक चूक केली नसती. ती करायला आमच्याच घरातली, शब्दांना भुललेली बाई लागली.

"म्हणजे माझा फोन माझ्याकडे," सासूबाई म्हणाल्या. "आणि फसणाऱ्याच्या हाती फोन नको, असं कोण म्हणालं होतं बरं?"

"माझा तसाही कुलपात आहे."

"मग तोवर ते बटणांचं खोकं वापर. तुझ्या कपाटात, मोज्यांच्या खाली. आधीच आणून ठेवलंस ना माझ्यासाठी?"

तो इतका चकित झाला की भाजीचा पहिला घास त्याने न बघता खाल्ला. "चांगली झालीय," असेही म्हणाला. आम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहिले, पण दाद देण्याची चूक केली नाही.

रात्री मी ओटा पुसत होते तेव्हा सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. "दुपारी तुला वाटलं होतं ना, मी फसले म्हणून?"

"हो."

"तरी त्याला सांगितलं नाहीस. संध्याकाळभर तुझं तोंड बघत होते मी. आता सांगेल, मग सांगेल." त्यांनी ओट्यावरचा एक राहिलेला डाग बोटाने दाखवला. "चोर म्हणून कच्चीच आहेस तू. त्या तुझ्या चौघांना माझ्याकडे पाठव."

त्यानंतरच्या गुरुवारी तानपुरा लागला, चौकोन उजळले, आणि पहिले पद सुरू होण्याआधी सासूबाईंनी मला हाताला धरून पडद्यासमोर बसवले. "ही आमची सून. हिने मला फसवायला एक पत्रिका रचली होती. ऐका सगळ्याजणी. वाच गं."

मी वाचली. श्रीपासून शेवटपर्यंत. माझ्या कवितांच्या वाचनाला इतके एकाग्र श्रोते मला कधी लाभले नव्हते. वधूच्या आजोबांपाशी माना हलल्या, गोरजापाशी अहमदाबादच्या बाईंनी डोळे टिपले, आणि तिथी आली तेव्हा सगळे चौकोन एकदम हसून हलू लागले. सगळ्यांचे आवाज बंद होते, त्यामुळे ते हसणे पाण्याखालच्या फुलांसारखे नुसतेच उमलत-मिटत होते.

मग दुबईच्या बाईंनी आपला आवाज उघडला. "मुलगा काय करतो?"

"अगं, खोटी आहे पत्रिका," सासूबाई म्हणाल्या. "मुलगा नाहीच आहे."

"नसू दे. घराणं चांगलं दिसतंय. माझ्या नातीसाठी विचारून तरी बघ की."

सासूबाईंनी बोटाने त्यांना मुकी केली आणि पदाचा पहिला सूर धरला.